तारखेची रिकामी जागा

“तारीख टाकल्याशिवाय हे पुढं जात नाई, झिंगूभाऊ,” नाजिया म्हणाली आणि तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. तारखेच्या जागी लाल रेघ होती.

झिंगूभाऊ गावाचे गायता, म्हणजे पुजारी. पंडुमांचे, म्हणजे सणांचे, दिवस तेच ठरवायचे. नाजियाचं आलापल्लीच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं, आणि झिंगूभाऊंच्या ग्रामसभेचं इंटरनेटवरचं पान तीच सांभाळायची. पानावर माणसांनी वाचायचा मजकूर वेगळा. फोनला कळावं म्हणून सणाचं नाव, जागा, तारीख त्या मजकुरामागे खुणा करून पुन्हा लिहावी लागते. माणूस ‘लवकरच’ एवढं वाचूनही समजून घेतो. यंत्राला असली टोलवाटोलवी चालत नाही.

“आंब्याच्या पंडुमले तारीख कुठची?” झिंगूभाऊ म्हणाले. “कैरीत कोय धरली का मी झाडाखाली जातो, मंग गावाले सांगतो. तवापर्यंत नवा आंबा कोनी तोंडाले लावत नाई. मागच्या साली तं तू काही इचारलं नाई?”

मागच्या वर्षी नाजियाने पानावर सरळ लिहिलं होतं, ‘तारीख गाव ठरवेल.’ मागच्या बाजूला मात्र जागा रिकामी सोडता येईना, म्हणून आदल्या वर्षीची अठरा एप्रिल टाकून दिली होती. कोण बघतंय, असं तिला वाटलं होतं.

“माह्या दीपालीनं पाह्यलं,” झिंगूभाऊंसोबत गावाहून आलेली सोनीबाई स्टुलावरून म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. “तिनं फोनले इचारलं, फोननं अठरा सांगितली. हैदराबादहून अठराले आली पोरगी. पंडुम चौदालेच झाला होता.”

नाजियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बाई, तुमी मले सांगितलं काऊन नाई?”

“सांगून काय होते? तवा तिचा बाप होता. तिच्या वाटचे आंबे त्यानं राखून ठेवले होते.” सोनीबाईने पदर सावरला. “दिवाळीनंतर तो गेला. यंदा त्याच्या नावाचा पह्यला आंबा लेकरानं ठेवा लागते, आन् लेकरू एकच हाय. नाई ठेवला तं तो गेलेल्या जुन्या मानसायत मिसळत नाई. बाहीरच राह्यते.”

दीपाली कपड्याच्या कंपनीत शिलाईवर होती. तिच्या साहेबाच्या कॅलेंडरात हा सण नव्हता. नेटवर तारीख दाखव, मग सुट्टी घे, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं.

“अंदाजानं टाकू का?” नाजियाने विचारलं. “आमच्या ईदची तारीखबी फोन आधीच सांगते. चांद नाई दिसला तं एक दिवस हलते.”

“आंबा एका दिवसानं हलत नाई, बाई. दहा दहा दिवसानं हलते,” झिंगूभाऊ म्हणाले.

मग झिंगूभाऊंनी सोनीबाईकडे पाहिलं.

“पोरीले कवा जमते?”

“बावीसले त्यायचा माल निघते. त्याच्या आधी कोनाले सुट्टी नाई म्हनते.”

झिंगूभाऊंनी बोटांवर काहीतरी मोजलं. एक दिवस प्रवासाचा धरला असावा.

“टाक चोवीस.”

नाजियाची बोटं की-बोर्डवरच थांबली. “भाऊ, कोय आधीच धरली तं?”

“आठ रोजात धरन. धरू दे. चोवीसपर्यंत मी झाडाखाली जातच नाई.”

“गाव काय म्हनन? लेकरं?”

“बोंबलन. माह्यावर बोंबलन. तू टाक.”

नाजियाने चोवीस एप्रिल टाकली. पानावर एकदा आणि मागे यंत्रासाठी एकदा. दोन्हीकडे तीच तारीख आहे ना, हे तिने तीनदा तपासलं. लाल रेघ गेली. तिने त्या पानाचा फोटो दीपालीला पाठवला आणि सोनीबाईला सांगितलं, की आता फोनला कोणीही विचारलं तरी तो चोवीसच सांगेल. सोनीबाई रडली नाही. नुसती मान हलवत राहिली.

आतून नाजियाची आई खुर्शीदा ट्रे घेऊन आली. दोघं भर उन्हात जीपने आलेली, म्हणून तिने गार पन्हं केलं होतं. सोनीबाईने ग्लास तोंडापर्यंत नेला. वास येताच तसाच खाली ठेवला. झिंगूभाऊंनी तर आपल्या ग्लासाला हातच लावला नाही.

“काऊन, आंबट झालं का?” खुर्शीदाने विचारलं.

“नाई बाई. आमाले पानी द्या,” झिंगूभाऊ म्हणाले. “कैरी आता चोवीस तारखेनंतर.”