टबातले बुडबुडे

हेडलाइटच्या आत वाफ धरली, म्हणजे कुठूनतरी हवा शिरते. ती फट शोधायला धुळ्याचे नथ्थूआबा दिवा वाळवतात, सिलिकॉनने बंद करतात आणि पाण्याच्या टबात दाबून धरतात. बुडबुडे येतात तिथे फट असते.

आज त्यांच्याकडे गाडी घेऊन आलेल्या हितेंद्रने हा दिवा गेल्या पावसाळ्यात बसवला होता. जुना सोनगीरजवळ फुटला होता. सायकलवरची डिंपल नावाची लहान मुलगी त्याच्या गाडीच्या धडकेने पाण्याने भरलेल्या खदानीत पडली आणि बुडाली. हितेंद्र थांबला नव्हता. ते कुणालाच कळलं नाही.

आबांनी दिवा बुडवला. बुडबुडे आले, थांबले, पुन्हा आले.

“भाऊ, दिवा बठ्ठा बंद शे. मग हाई हवा कोठून ई ऱ्हायनी? तुमनी गाडीले दमा शे का?”

हितेंद्र हसत खाली वाकला. तो श्वास सोडी, तेव्हाच बुडबुडे येत. हसू थांबवून त्याने श्वास रोखला. बुडबुडे थांबले. वाळवलेल्या काचेवर पुन्हा वाफ धरली आणि आतून, लहान हाताच्या तळव्याएवढी, पुसली गेली.

घाबरून त्याने तोंड उघडलं. छातीत हवा शिरेना.

आबांनी दिव्यावरचे हात झटकन उचलले. हवेने भरलेला दिवा उसळून वर यायला हवा होता. तो तळाशीच राहिला.