नॉर्वेच्या राजाची राजधानी

"मान्य केलं त्यांनी, माय. शेवटी मान्य केलं," कल्याण कॉम्प्युटरसमोरून उठत म्हणाला.

झुंबरबाई खुंटीवरची पिशवी काढत होती. गुढीपाडवा काल झाला होता, म्हणजे टेंभुर्णीतली, धाकट्या कल्याणकडची तिची पाळी संपली. आता नागपंचमीपर्यंत हसनाबादला थोरल्या मच्छिंद्रकडे, मग दिवाळीपर्यंत शहागडला मधल्या तातेरावकडे, की पुन्हा इथे. बाप गेल्यावर शेताची वाटणी झाली, त्याच बैठकीत हेही ठरलं होतं. तिघा भावांनी ते कधी मोडलं नाही. गावात त्याचं कौतुकच व्हायचं.

कल्याणला एका गेमचा नाद होता. जुन्या काळातलं एखादं राज्य घ्यायचं आणि चालवायचं. त्यात नॉर्वेची राजधानी पहिल्या दिवसापासून ओस्लो दाखवलेली होती, आणि ते त्याला दातात अडकलेल्या कणासारखं टोचत होतं. मोबाइलचं दुकान सांभाळून तो सवड मिळेल तसा वाचत बसला, गेम बनवणाऱ्यांना लिहीत राहिला. ओस्लो फार नंतरची, तिच्याआधी बर्गेन, त्याहीआधी वेगळंच, असं कळवत राहिला. खेळच तर आहे, चालतंय, असं ते म्हणाले. कल्याणने पिच्छा सोडला नाही. मेलेल्या परक्या राजासाठी एवढा जीव का काढता, असं बायको शालूने विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "ज्याची जागा त्याला बराबर मिळाली पाहिजे."

"काय मान्य केलं?" झुंबरबाईने लुगड्याची घडी घालत विचारलं.

"गेम सुरू होतो ना, त्या काळात राजाला एक अशी राजधानीच नव्हती. जागोजागी घरं व्हती त्याची. इथलं धान्य सरलं की निघाला पुढच्या घरी. तो जिथं मुक्कामाला, तिथंच राजधानी."

झुंबरबाईचा हात थांबला. "सारखा फिरायचा?"

"सारखा."

"मंग लोक त्याला पाहुणा म्हणायचे का?"

"पाहुणा कशाला म्हणतील? राजा व्हता तो. जाईल ते घर त्याचंच."

"तसं असंल तर बराबर हाये त्याचं," झुंबरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "मला तिन्ही घरी चहा विचारून घ्यावा लागतो."

कल्याणने तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. इतकी वर्षं ही पिशवी खुंटीवर भरलेलीच असते, हे त्याने रोज पाहिलं होतं. लुगडं त्यातून निघायचं, धुऊन पुन्हा त्यातच जायचं. त्याला स्वतःची लाज वाटली.

बाहेर मोटरसायकल थांबली. मच्छिंद्र दारात आला. बसला नाही. "चल माय, ऊन व्हायच्या आत निघू."

कल्याणने आईच्या हातातली पिशवी घेतली. "दादा, थांब जरा. कुठं राह्यचं, हे मायला आपण कधी विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात? ठरलंय ना ते."

"आपलं ठरलं. तिचं न्हाई."

मच्छिंद्रने आईकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली खिशात टाकली. शालू चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी राहिली.

"माय, तूच सांग. तुला कुठं राह्यचंय?" कल्याणने विचारलं.

कुणी विचारेल असं झुंबरबाईला वाटलं नव्हतं. तिने थोरल्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. मग शालूकडे पाहिलं. शालूने ट्रे खाली ठेवला आणि पहिला कप तिच्या हातात दिला.

"ती पिशवी परत खुंटीला लावू नको," झुंबरबाई कल्याणला म्हणाली. "माझी लुगडी इथल्या कपाटात ठेव."