गुणाजीशी हरताना

स्ट्रायकर कडेला आपटला, उलटा फिरला आणि पांढरी सोंगटी अलगद पॉकेटात जाऊन पडली. विद्याधरला घाम फुटला. चुकवायचं म्हणून फटका मारला की सोंगटी हमखास आत.

"काय करतोयस काय?" मागून क्षमाबाई पुटपुटल्या. "हरायचंय तुला."

"बाई, मी चुकवतोच आहे."

"मग नीट चुकव."

मुलुंडच्या त्या बंगल्यात क्षमाबाई अपंग मुलांची शाळा चालवायच्या. मुलं तिथेच राहायची. दर रविवारी हायस्कुलातली मोठी मुलं 'दोस्त' म्हणून यायची, एकेका लहानग्याशी खेळायची. विद्याधरच्या समोर बसलेला गुणाजी दहा वर्षांचा. जन्मापासून बहिरा, त्यामुळे बोलणंही नाही. त्याचा आधीचा दोस्त नंदकिशोर अचानक यायचा बंद झाला आणि तेव्हापासून गुणाजीनं खेळणं, हसणं सगळंच सोडलं.

नंदकिशोरला विचारलं तर त्यानं कॉलर सरळ केली. "मी काय करू यार? दर वेळी मीच जिंकायचो. पोरगं मनाला लावून घेतं. आणि मला हल्ली संयुक्त महाराष्ट्राची कामं असतात ना."

बाईंनी लगेच निदान करून टाकलं. हरून हरून पोर खचलंय, त्याला जिंकवा. त्यासाठी त्यांनी नव्या मुलांतून विद्याधरला उचलला, कारण तो दिसायला बावळट होता. तो अख्ख्या चाळीचा कॅरम चॅम्पियन आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

भिंतीकडच्या बाकावर गुणाजीचे वडील बसले होते. गिरणीत रजा टाकून आलेले, पायाशी लोखंडी ट्रंक.

"माझो झील हंय रमणा नाय," आल्या आल्या त्यांनी बाईंना सांगितलं होतं. "आज हसान खेळलो तर रवांदे. नायतर गावाक न्हेतंय."

गावाला बहिऱ्यांची शाळा नव्हती. काकाची गुरं होती, ती गुणाजीनं राखायची असं ठरून गेलं होतं.

आता पाळी गुणाजीची. काळी सोंगटी पॉकेटाच्या अगदी तोंडावर होती, नुसती फुंकर मारली तरी गेली असती. गुणाजीनं बराच वेळ नेम धरला आणि भलतीकडे फटका मारला. विद्याधरचीच एक पांढरी आत गेली.

वडील बघतायत म्हणून नेम चुकतोय बिचाऱ्याचा, विद्याधरला वाटलं. त्यानं डोळे अर्धवट मिटून स्ट्रायकर सोडला. ह्या वेळी जमलं. कशालाच लागला नाही.

"विद्यादादा," शेजारून वनमाला म्हणाली, "आंधळ्या मुलांचा वर्ग पलीकडे आहे."

वनमालाला पोलिओ झालेला. कुबड्या मांडीवर आडव्या टाकून ती खेळ बघत बसली होती. गुणाजीच्या हातवाऱ्यांचा अर्थ अख्ख्या शाळेत तिलाच पुरता लागायचा.

"गप गं," विद्याधर म्हणाला.

"मी गप बसते. तू डोळे उघड."

गुणाजीनं पुन्हा सोपी सोंगटी सोडली. विद्याधरनं त्याहून सोपी सोडली. इतर मुलं जांभया देत अंगणात निघून गेली. बाईंनी पदरानं मान पुसली. अखेर बोर्डावर एक काळी आणि एक पांढरी उरली आणि तिथे खेळ जो अडकला, तो पुढे सरकेना. दोघं आळीपाळीनं मारत होते आणि सोंगट्या नुसत्या फिरायला निघाल्यासारख्या बोर्डभर हिंडत होत्या.

गुणाजी एकदाही हसला नव्हता.

वडील उठले. "बाई, आमी निघतंव. बोट चुकात माझी."

"पाचच मिनिटं थांबा हो," बाई म्हणाल्या आणि विद्याधरकडे असं बघितलं की तो बोर्डावर आणखीच वाकला.

तेवढ्यात त्याला नियम आठवला. समोरच्याची शेवटची सोंगटी तुमच्या हातून गेली, तर बोर्ड त्याचा. म्हणजे चुकवायची गरजच नव्हती. सरळ काळीच घालायची.

त्यानं बोटांना बोरिक पावडर लावली. सबंध दिवसात पहिल्यांदाच खरा नेम धरला. समोर गुणाजी एकदम पुढे झुकला आणि जोरजोरात मान हलवायला लागला. घाबरलाय, विद्याधरच्या मनात आलं. थांब रे बाळा, आत्ता जिंकवतो तुला.

टक्. काळी सोंगटी सरळ आत.

"जिंकला आमचा गुणाजी," बाईंनी टाळ्या वाजवल्या. वनमालानं कुबडी जमिनीवर आपटली. विद्याधरनं तोंड पाडायची आठवण ठेवून हात पुढे केला.

गुणाजीनं तो हात धरला नाही. तो पॉकेटाकडे बघत राहिला. मग विद्याधरकडे बघितलं आणि हुंदके देऊन रडायला लागला.

"आनंदाचं रडणं आहे हे," बाई वडिलांना म्हणाल्या. "बघितलंत ना?"

वडिलांना तसं काही दिसलं नाही. "जिंकलो तरी रडता कित्याक?"

गुणाजीचे हात भराभर चालायला लागले. एकदा दाराकडे, एकदा बोर्डाकडे, मग विद्याधरच्या छातीकडे. वनमाला टक लावून बघत होती. तिचं हसू मावळलं.

"काय म्हणता गो तो?" वडिलांनी विचारलं.

"म्हणतोय, नंदूदादाला मी दर वेळी हरवायचो, म्हणून तो यायचा बंद झाला," वनमाला हळूच म्हणाली. "हा तरी परत यावा म्हणून मी केव्हाचा हरत होतो."