वाटाणा की छर्रा

टण्.

"वाटाणा," मेव्हिस म्हणाली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

स्वयंपाकघरात तेवढाच आवाज होता. ॲडा मेलेल्या रानकबुतराच्या गळ्याखालची पिशवी सुरीच्या टोकाने चिरायची आणि तिच्यातले दाणे तामचिनीच्या वाडग्यात झाडायची. टण्, टण्. मग एक बारीक, जड आवाज.

"छर्रा."

सात वर्षांची पोर, पण कधी चुकत नसे. हा खेळ बापाने शिकवलेला.

दर शनिवारी दुपारी हे काम असे. शेतमालक स्केल्टनला पुरावा लागायचा. पाखरं त्याच्याच वाटाण्यावर उतरली होती, शेजाऱ्याच्या गवतावर नाही, हे त्याला बरणीत भरलेल्या दाण्यांवरून दिसायला हवं असायचं. बरणी पाहून तो मान हलवायचा आणि पुढच्या आठवड्याची काडतुसं द्यायचा. हे घरही कबुतरं मारायच्या कामाबरोबर मिळालेलं. आधी काम ॲडाच्या नवऱ्याचं, सिरिलचं होतं. सिरिल गेल्या हिवाळ्यात छातीच्या रोगाने गेला आणि पाचव्या दिवशी ॲडाने त्याची बंदूक उचलली. खांदा काळानिळा झाला, पण घर राहिलं.

काम तसं सोपं. मेलेल्या चार-सहा कबुतरांच्या हनुवटीखाली काडी टेकवायची, ती चरताहेत अशी शेतात मांडायची, आणि फांद्यांच्या आडोशात बसून राहायचं. वरून जाणारा थवा त्यांना बघून खाली येतो. तोवर श्वास तेवढा रोखून धरायचा. या वसंतापासून ॲडाला तेच जमेना. ऐन वेळी खोकला यायचा आणि थवा वळायचा.

एकदा स्केल्टनने कुंपणावर रेलून ते पाहिलं होतं. "ॲडा, तुझ्या खोकल्यालाच भितात की गं ती. मग मी काडतुसं कशाला देतोय?"

तीही हसली होती. तो गेल्यावर तिने रुमाल उघडून पाहिला होता.

पत्र मंगळवारी आलं. ते आता घड्याळामागे होतं. सोमवारी सकाळी टेकडीवरच्या क्षयाच्या सॅनिटोरियममध्ये हजर व्हायचं, सोबत दोन गाऊन आणि लोकरी मोजे. मुलांना तिथे फाटकाच्या आत घेत नाहीत. सिरिललाही त्याच फाटकातून आत नेलं होतं. मेव्हिस ग्रिम्सबीला आयव्ही आत्याकडे जाणार. आत्याची स्वतःची पाच मुलं, सहावी ही; हिची गादी जिन्याखाली. घर दुसऱ्या कोणा बंदूकवाल्याला मिळणार. हे सगळं आज सांगायचंच, असं ॲडाने ठरवलं होतं. तिने ते बुधवारीही ठरवलं होतं आणि काल मेव्हिसची वेणी घालतानाही. मंगळवारपासून तिने पोरीचा एक पापा घेतला नव्हता. मेव्हिसने गाल पुढे केला की ती तिचे केस नीट करायची.

तिने पुढचं कबुतर ओढलं. पिशवी चिरली, वाडग्यावर धरली.

आवाज आला नाही.

मेव्हिस थांबली, मग तिने एक डोळा उघडला. वाडग्यात वाटाण्यांवर काहीतरी पांढरं, मऊ पडलं होतं, फाटलेल्या दुधासारखं.

"हे काय गं?"

ॲडाला ठाऊक होतं. सिरिल असली पाखरं बाहेर शेडमध्येच साफ करून आणायचा. तिला ते सुचलंच नव्हतं.

"दूध आहे ते," ती म्हणाली. "घरट्यात पिल्लं असली की यांच्या गळ्यात येतं."

मेव्हिस वाडग्यावर वाकली. मग तिने विचारलं, की ही आई असेल, तर पिल्लं आता उपाशी असतील का. ॲडा म्हणाली, छे गं, कबुतरांमध्ये बापाच्या गळ्यातही दूध येतं. दोघं आळीपाळीने भरवतात. एक गेलं तरी दुसरं असतंच.

"एकटं पुरतं?"

"पुरतं की. एक पुरे असतं."

"आपल्यासारखं," मेव्हिस म्हणाली, आणि तिचा चेहरा निवळला. हे तिला माहीत होतं. बापाला पुरून आले त्या दिवशी आईने तिला मांडीवर घेऊन हेच शब्द सांगितले होते, आणि ते खरे निघाले होते. मेव्हिसने छोटी सुरी उचलली. पुढचं मी करते, म्हणाली. बाबा करू द्यायचे.

ॲडाने हात फडक्याला पुसले. खोकला आला, तो तिने कोपरात जिरवला. घड्याळामागून पत्राचा कोपरा दिसत होता. आत्ता नाही तर मग आगगाडीतच सांगावं लागलं असतं, शिट्टी होता होता.

"मेव्हिस," ती म्हणाली, "सोमवारी ना, बाळा..."

पण मेव्हिसचं लक्ष नव्हतं. तिने कबुतर चिरून वाडग्यावर धरलं होतं आणि डोळे मिटून कान दिला होता. ती वाट बघत होती. तिने पाखरू जरा हलवलं, आणखी थोडं थांबली.

मग तिने डोळे उघडले. वाडग्यातलं पांढरं आता दुप्पट झालं होतं.

आधीचं कबुतर तिने ढिगातून शोधून काढलं आणि या कबुतराच्या शेजारी ठेवलं, पंखाला पंख लावून. दोन्हींच्या मानेवर सारखाच पांढरा पट्टा होता. नर कुठला, मादी कुठली, ते सिरिललाही बाहेरून कधी सांगता आलं नव्हतं.

"आई," मेव्हिसने विचारलं, "ही दोघं एकाच घरट्यातली होती का?"