खाली आलेला खटका

खट्.

दुपारच्या शांततेत आवाज आला आणि फिशटँकचा दिवा विझला. बुडबुडेही थांबले. आईचा हात पाण्याच्या बोटभर वर तसाच राहिला. काठाला चिमट्याने अडकवलेला दिवा घसरून पाण्यात पडला होता. तो काढायला ती घाईघाईने बाही सरसावून निघाली होती. आधी बटण बंद करावं, हे डोक्यातच आलं नाही.

पॅसेजमधल्या बोर्डाकडे धावताना ती स्टुलाला ठेचकाळली. ते पायाने बाजूला सारून वर पाहिलं, तर खटका खाली आलेला. तिला रडूच फुटलं. दिराने हौसेने बसवून दिलेला सेफ्टी स्विच. पाण्यात करंट उतरला की आपोआप पडतो, म्हणाला होता.

तिने त्याला फोन लावला.

"भावोजी, तुमच्या स्विचने आज मला वाचवलं. हे उपकार कसे फेडू?"



"वहिनी, कशालाही हात लावू नका. मी वायरमन पाठवतो."

किती जीव लावतो, तिच्या मनात आलं. ती ठमीपाशी गेली. दटावून झोपवलेली लेक डोळे गच्च मिटून पडली होती. पावलं मात्र थंडगार. आईने त्यांच्यावर पांघरूण ओढलं आणि मनातल्या मनात दिराला पुन्हा हात जोडले.

वायरमनने बोर्ड उघडला आणि कपाळावर हात मारला.

"ताई, हा सेफ्टी स्विच नुसता शोभेला आहे. तारा त्याला वगळून जोडल्यात."

"कुणी?"

"तुमच्या दिरांनीच. मला पाठवताना फोनवर कबूल झाले. सारखा पडायचा, पंप बंद व्हायचा, मासे गुदमरतील म्हणून. मासे जगले पाहिजेत, माणसांचं काय, बघू सावकाश."

"पण आज पडला ना?"

"तो नाही. खाली आलाय तो शेजारचा मेन स्विच. हा आपोआप पडत नाही, हाताने ओढावा लागतो. घरात आणखी कोण होतं?"

तिच्या कुर्त्याला मागून हिसका बसला. ठमी अनवाणी उभी होती.

"बाबा सांगतात ना, आधी बटण, मग हात. तू विसरलीस," ती हळूच म्हणाली. "आई, मी खरंच झोपले असते तर?"