पापडाचा आवाज

आजोबा स्वयंपाकघराच्या दारात आले तेव्हा अर्धा पापड माझ्या तोंडात होता. उरलेला मी झटकन पाठीमागे लपवला.

अर्धांगाचा झटका आल्यापासून डॉक्टरांनी त्यांना फक्त मऊ खायला सांगितलंय. गुरगुट्या भात, वरण, कुस्करलेलं केळं. ज्यांना पापडाशिवाय घास उतरत नसे, त्यांच्यासमोर कुरकुरीत काही खायचं नाही, हा नियम माझा! आठवीतल्या मुलीचं सगळ्या घराने ऐकलं म्हणून मी काय फुशारले होते! सहा महिने आम्ही त्यांना बाहेर आधी वाढायचो आणि मग दार लावून आत जेवायचो.

“चोरून खाता होय गं?” वॉकर टेकवत त्यांनी विचारलं.

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, आजोबा.”

“वाईट एकट्याने जेवायचं वाटतं. भातही मऊ, घरही मऊ. कसलाच आवाज नाही.”

ते माझ्यासमोर बसले. आईने त्यांचं ताट आत आणलं.

“मी घास घेतला की तू चाव.”

त्यांनी घास घेतला, मी पापड चावला. कुर्रम! जणू तो त्यांच्याच दाताखाली मोडला, असे ते डोळे मिटून भात घोळवत राहिले.

“आत्ता लागला वरणभात!”

आई हसली. मला मात्र सहा महिन्यांतलं त्यांचं एकेक जेवण दिसायला लागलं. पुढचा तुकडा काही केल्या तोंडात जाईना.

“चाव की गं,” आजोबा चमचा उचलून थांबले होते, “भात गार होतोय.”