पोपट कोणाच्या नावावर

"पक्षी कोणाचा आहे?" वनपाल धनसिंग पावरांनी दुसऱ्यांदा विचारलं. मांडीवर पंचनाम्याचा कागद होता आणि पेन एका रिकाम्या रेघेवर थांबलं होतं.

घरात देशी पोपट असल्याची तक्रार कोणीतरी वनखात्याला फोनवर केली होती. पिंजरा टीपॉयवर ठेवला होता. इतकी माणसं एकदम पाहून पोपट दांडीच्या टोकाला सरकून बसला होता. दारात वनरक्षक बाई उभी होती आणि तिच्या मागे जिन्यावर शेजारपाजारचे चेहरे. धुळ्यात देवपूरला राहायला आल्यापासून या घरात असं कधी झालं नव्हतं.

कामिनीला वळून बघायची गरज नव्हती. सासूबाईंची, कुंदाबाईंची, नजर आपल्या पाठीत रुतली आहे हे तिला कळत होतं.

"बाहेरना कोनी नही शे," कुंदाबाई शेवटी म्हणाल्याच. "हाई घरमानंच काम शे."

घरातल्याच माणसाने, म्हणजे कामिनीनेच, फोन केला असं त्यांना वाटायला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी मुलीने कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट धरला, म्हणून कामिनी महानगरपालिकेत चौकशीला गेली होती. तिथल्या कारकुनाने नीट समजावून सांगितलं. कुत्र्याला लस टोचल्याचा दाखला आणा, परवाना मिळेल. परदेशी पक्षी आणायचे तर वनखात्याकडे नोंद करावी लागते. "आणि ताई, आपला देशी पोपट मात्र घरात ठेवताच येत नाही. त्याला परवानाच नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते."

घरी येऊन तिने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिचा नवरा भूषण हसला होता. कुंदाबाईंनी मात्र समोरचं ताट बाजूला सारलं होतं. नऊ वर्षं सांभाळलेलं लेकरू आहे ते, म्हणाल्या, उद्या माझाही परवाना काढायला सांगशील. पोपट खरा सासऱ्यांचा, निंबाआबांचा. शिरपूरकडच्या शेतात, वादळाने पडलेल्या झाडाखाली तो त्यांना सापडला होता. डोळेही न उघडलेला, लाल मांसाचा गोळा. त्यांनीच त्याला घास भरवून जगवलं होतं. त्या दिवशी ते काहीच बोलले नव्हते.

कामिनीने तो विषय पुन्हा काढला नाही. फोन तर मुळीच केला नाही. पण आज हे कोण मानणार होतं?

"तक्रार कोणी केली, साहेब?" भूषणने विचारलं.

"ते सांगता येत नाही, सर. पक्षी आम्ही घेऊन जाणार. तुम्ही फक्त नाव सांगा."

भूषण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने कामिनीला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"तुझं नाव सांग," तो दबक्या आवाजात म्हणाला. "माझ्यावर केस झाली तर सस्पेंड करतील. आईला कोर्टकचेरी झेपणार नाही. आबा आत्ता कुठे आजारातून उठलेत. मग राहिलं कोण?"

"अहो, मी फोन केलेला नाही."

"केला असशील तर निस्तर. आणि नसशील तरी..." त्याने वाक्य तिथेच सोडलं.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. गॅसवरची भाजी खाली लागायला आली होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले. माहेरी असोद्याला आई-वडिलांना हे कसं सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात आलं. मग ती बाहेर आली. ती पावरांसमोर जाऊन उभी राहिली.

"लिहा," ती म्हणाली. "कामिनी भूषण..."

"थांब."

खिडकीजवळच्या खुर्चीतून निंबाआबा उठत होते. भूषण धरायला पुढे झाला, त्यांनी त्याला हातानेच मागे सारलं.

"पोपट माझा आहे, साहेब. निंबा उखा पाटील, असं लिहा. आणि फोनही मीच केला होता."

पावरांनी कागदावरून मान वर केली.

"तुम्ही?" कुंदाबाईंच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला. "कसाले?"

आबांनी बायकोकडे पाहिलं नाही. ते सुनेकडे वळले.

"हे तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, पोरी. मी आधीच बोलायला पाहिजे होतं. धीर झाला नाही. त्याला नेतील म्हटल्यावर जीभच उचलेना." त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "पिंजरा उघडून सोडला असता, पण त्याला उडता येत नाही. मांजराने खाल्ला असता. आणि तुझ्या सासूने तो कोणाला देऊ दिला नसता. या वनखात्याकडे पाखरांचे डॉक्टर असतात म्हणे."

"पण आबा, तुमचा इतका जीव आहे त्याच्यावर..." कामिनी म्हणाली.

"फेब्रुवारीत दवाखान्यात सलाईन उपटून काढतो म्हणून माझे हात पलंगाला बांधून ठेवले होते. बारा दिवस. नर्स फार मायाळू होती. स्वतःच्या हाताने पेज भरवायची, तोंड पुसायची आणि हसून म्हणायची, 'बाबा, आता अजून काय पाहिजे तुम्हाला?'" आबा पिंजऱ्याकडे वळले. "नऊ वर्षं मी रोज सकाळी ह्याला मिरची देऊन हेच विचारत होतो, पोरी."